पाटकऱ्याच्या डोक्यातली शेती वहीत उतरवा

नवीन वाण, नवीन औषध, नवीन अवजार यांची माहिती आपणांस कृषि विद्यापीठाच्या प्रकाशनांतून नेहमीच मिळत असते. ती विद्यापीठाकडून शेताकडे येते. प्रस्तुत लेखात सुचविलेले काम उलट्या दिशेचे आहे. आपल्या गावात, आपल्या घरात जे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, ते जाणणारी माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्यावे, असे हे काम आहे. त्याला खर्च एका वहीचा आहे. वेळ मात्र फार उरलेला नाही. सन १९७२ च्या दुष्काळात जो विशीत होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्या वर्षी गावाने कमी पाणी कसे वाटले, कोणते बी जपले, गुरे कोठे नेली हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर अशा ज्ञानाचे तीन साठे डोळ्यांसमोर येतात. बागलाण-मालेगावकडील फड पद्धत, इगतपुरी-त्र्यंबकेश्वर-पेठ-सुरगाणा भागातील डांगी जनावरे, आणि निफाड-चांदवड-येवल्याकडील कांद्याचे घरचे बियाणे. या तिन्हींची अवस्था निरनिराळी आहे, म्हणून नोंद घेण्याची रीतही निरनिराळी ठेवावी लागेल.

फडाचे पाणी

मोसम, आरम या नद्यांवर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर दगड-चुन्याचे जुने बंधारे आजही दिसतात. ही पद्धत तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची असल्याचे मानले जाते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे बंधारे पाहिले असतील, पण बंधारा म्हणजे फड पद्धत नव्हे. बंधारा हा तिचा दिसणारा भाग आहे. खरी पद्धत नियमांत होती आणि ते नियम माणसांच्या डोक्यात होते.

बंधाऱ्यातून निघालेला पाट ज्या जमिनीला पाणी देई, त्या सर्व जमिनीचे मोठमोठे तुकडे पाडलेले असत. असा एक तुकडा म्हणजे एक फड. साधारणपणे एका बंधाऱ्याखाली चार फड असत. एका फडात एका वेळी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पिके, आणि पुढील वर्षी ऊस दुसऱ्या फडात सरकवावयाचा. यामुळे ऊस कायम एकाच जमिनीत राहत नसे आणि पाण्याने जमीन चिबडण्याचा धोका कमी होई. शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच फडात गोळा झालेल्या नसत. बहुतेकांचा थोडा थोडा वाटा प्रत्येक फडात असे.

या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण सर्व मर्म तेथे आहे. पाऊस चांगला झाला तर सर्व फड भिजत. पाणी कमी असेल तर पंच बसून त्या वर्षी दोनच फड किंवा एकच फड भिजवावयाचा असे पेरणीपूर्वी ठरवीत. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूट सर्वांना सारखी सोसावी लागे. पाटाच्या तोंडाशी असलेला सुखी आणि शेवटचा कोरडा, हा आजच्या कालव्यांवरील नित्याचा तंटा तेथे मुळातच कमी होता. शिवाय पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसे. ते पाटकऱ्याचे काम. पिकाची राखण जागल्या करी. या कामगारांना मोबदला धान्यात मिळे. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढण्यास आणि बंधाऱ्याची डागडुजी करण्यास प्रत्येक घरातून माणूस येई. पाटाला जादा आलेले पाणी पुन्हा नदीत सोडण्याचा मार्ग असे, त्याला सांडम म्हणत.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. विहिरी व विंधन विहिरी वाढल्या. डाळिंब आणि कांदा आला. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडातील ठरलेल्या पिकाची गरज राहिली नाही. हे सर्व अपरिहार्य होते आणि त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. डाळिंबाने बागलाणात पक्की घरे बांधली हेही खरे आहे. परंतु फड मोडला तेव्हा त्याच्याबरोबर तुटीचे वर्ष वाटून घेण्याची रीतही मोडली. त्या रीतीला विहिरीचा किंवा ठिबकचा पर्याय नाही, आणि पाण्याची तूट तर पुन्हा पुन्हा येतच आहे.

ही रीत कामाची आहे याचा दाखला याच जिल्ह्यात मिळतो. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था सुरू झाल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, आपसांत वाटावयाचे, पट्टी स्वतः गोळा करावयाची, हा तेथील क्रम. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा राज्यात २००५ साली झाला. वाघाड म्हणजे फड नव्हे, तेथील जमिनींची मांडणी निराळी आहे. पण हंगामाआधी बसून पाण्याचा हिशेब करणे आणि त्याप्रमाणे पीक ठरविणे, हे पंचांचेच काम तेथे नव्या नावाने चालते. आज ज्या गावात पाणी वापर संस्था नुसती कागदावर आहे, त्या गावाने शेजारच्या फडाचे जुने नियम मिळवून वाचले तर त्यात शिकण्यासारखे खूप सापडेल. मात्र ते लिहिलेले असावयास हवेत!

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचे तंटे सोडविणारे शेतकऱ्यांचे पंच दर गुरुवारी दुपारी तेथील मोठ्या चर्चच्या दारात बसतात. सर्व काम तोंडी चालते. युनेस्कोने २००९ साली या पंचायतीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तेथे तोंडी रीत टिकली, कारण दर गुरुवारी ती वापरली जाते. आपल्याकडे वापर थांबला आहे, म्हणून आपणांस वहीचा आधार घेणे भाग आहे.

पाटकऱ्याला काय विचारावे

नोंद घेणाराने पहिली चूक टाळावी ती अशी की, जाणत्या माणसाला ओट्यावर बसवून "पूर्वी कशी शेती होती?" असे विचारू नये. उत्तर मिळते ते "पूर्वी सोने होते" एवढेच. त्यांना बंधाऱ्यावर न्यावे. चालता येत नसेल तर मोटारसायकलवरून पाटाच्या कडेने हळूहळू न्यावे. जागा दिसली की आठवण आपोआप येते. हे दार कशासाठी, या दगडाची खूण कोणती, पाणी येथवर चढले की काय करावयाचे, असे जागेवरचे प्रश्न विचारावेत.

वर्षाला धरून विचारावे. १९७२ ला किती फड भिजले? त्या वर्षी ऊस ठेवला की मोडला? कोणी नियम मोडून रात्री पाणी फोडले तर पंच काय करीत? दंड किती, तो कोठे जाई? तंट्याच्या गोष्टी लोक मनापासून सांगतात आणि नियम खरा कोणता होता हे तंट्यातूनच कळते. नावे वहीत घालू नयेत. गावात जुनी वैरे उकरली जातात. नियम आणि निकाल तेवढा लिहावा.

मापे सांगितली जातील तशीच लिहावीत, म्हणजे पायली, मण, हात, बिघा असेल तर तेच, आणि शेजारी आजचे माप द्यावे. पायली सर्व तालुक्यांत सारखी नव्हती, म्हणून शक्य तर जुने माप घरात शोधून त्यात धान्य भरून ते वजन करून पाहावे. तारखांचेही तसेच आहे. जाणती माणसे पेरणी मृगात की आर्द्रात एवढेच सांगतात. नक्षत्राचे नाव लिहून त्यापुढे इंग्रजी महिना व तारीख लिहावी, कारण आपल्या नातवाला नक्षत्रे येतीलच असे नाही.

एकाच गोष्टीबद्दल निदान तिघांना निरनिराळे विचारावे आणि तिघांचे म्हणणे निराळे आले तर तिन्ही लिहावे. पंच सांगतो तो नियम आणि शेवटच्या वाट्याचा शेतकरी सांगतो ती वस्तुस्थिती यांत फरक असतो. ज्यांच्या वाट्याला जमीनच नव्हती, ज्यांनी जागल्याचे किंवा गाळ काढण्याचे काम केले, त्यांना मुद्दाम विचारावे. ती माणसे पुष्कळदा अधिक बारकाईने सांगतात.

आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. बोलणे त्यावर ध्वनिमुद्रित करण्यास हरकत नाही, परंतु आधी विचारून. सुरुवातीस तारीख, गाव, बोलणाराचे नाव व वय बोलून घ्यावे. तरीही आठ दिवसांत ते कागदावर उतरवावेच. मोबाईल बदलला, पाण्यात पडला की सगळे गेले. वहीला वाळवी लागते, पण त्याला निदान काही वर्षे जातात.

डांगी जनावर

इगतपुरीकडे पाऊस सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अशा पावसात उभे राहून भाताची खाचरे चिखलण्याचे काम करणारे बैल म्हणजे डांगी. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके, कातडीतून तेलकट स्राव येत असल्याने पाणी अंगावर न ठरणे, आणि काळी कठीण खुरे ही या जातीची ओळख होय. दूध थोडे. म्हणूनच संकरित गाईच्या हिशेबात ती मागे पडली, आणि ओढकामात छोट्या ट्रॅक्टरने तिची जागा घेतली.

महादेव कोळी, ठाकर, कोकणा अशा समाजांतील गोपालकांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवडीने घडविली आहे. रंगावरून ते पारा, बहाळा, मणेरा, शेवरा, लाल, काळा अशी नावे देतात. घोटीच्या बाजारात किंवा अकोले तालुक्यातील राजूरच्या प्रदर्शनात एखादा म्हातारा गोपालक वळूच्या अंगावर बोट फिरवून, खूर पाहून, दोन मिनिटांत निर्णय देतो. त्या दोन मिनिटांत तो काय काय पाहतो? नेमके हेच लिहून ठेवावयाचे आहे. कातडीचे वर्णन पुस्तकांत आहे. पण कालवड कोणती ठेवावी आणि कोणती विकावी, कोणत्या गाईचा गोऱ्हा वळू म्हणून राखावा, चिखलात पाय टाकण्याची ढब कशी असावी, सलग आठ दिवस पाऊस लागला की गुरांना काय द्यावे, हे गोपालकांजवळच आहे.

येथे वहीपेक्षा कळप महत्त्वाचा, हे विसरू नये. फडाचे नियम लिहून ठेवले तर पन्नास वर्षांनीही वाचून लागू करता येतील. जनावराची जात मात्र नुसती लिहून टिकत नाही. ज्या गावात शुद्ध डांगी वळू उरला नसेल तेथे दोन-चार गोपालकांनी मिळून एक चांगला वळू राखावा आणि गाई कोणत्या वळूने गाभण राहिल्या त्याची साधी नोंद ठेवावी. गाईचे नाव, रंग, तिची आई, वळू, विण्याची तारीख एवढे पाच रकाने पुरेत. दुसऱ्या पिढीतच या नोंदीचा उपयोग दिसू लागतो, कारण जवळच्या रक्ताचा वळू टाळता येतो.

घरचे उळे

कांद्याचे रोप टाकण्यासाठी आजही कित्येक शेतकरी घरचे उळे वापरतात. एन-५३ व एन-२-४-१ हे वाण नाशिककडील स्थानिक कांद्यातूनच निवडून काढलेले आहेत. म्हणजे ही निवड झाली ती शेतकऱ्यांनी आधी जपलेल्या मालातून, हे आम्हांस मान्य करावयास आनंद वाटतो.

घरचे उळे चांगले की वाईट हे मातृकांदा कसा निवडला यावर ठरते, आणि ही निवड घरोघरी निराळी आहे. जाणते शेतकरी काढणीच्या वेळी नव्हे तर चाळीतून चार-पाच महिन्यांनी कांदे निवडतात. तोवर जे सडले ते गेले, ज्यांना कोंब आले ते गेले. उरलेल्यांतून मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे घ्यावयाचे, जोड कांदा घ्यावयाचा नाही. अशा रीतीने टिकाऊपणाची निवड नकळत होत जाते. ज्या शेतातील कांद्याला अकाली डेंगळे आले तेथील कांदा बियाण्यास घेऊ नये हेही त्यांना ठाऊक असते. घाईने काढणीबरोबर मोठे मोठे कांदे बाजूला काढणाऱ्याचे उळे दिसण्यात तसेच असते, फरक पुढच्या वर्षी चाळीत कळतो.

याची नोंद घेताना घरातील स्त्रियांना विचारल्याशिवाय वही पूर्ण समजू नये. बी निवडणे, वाळविणे, राखेत घालून ठेवणे हे काम बव्हंशी त्यांनीच केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात, नागलीची गावठी बियाणी जमवून बायफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली आणि २०२० साठीची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर यांसारख्या भाताच्या हळव्या-गरव्या जाती कोणत्या खाचराला मानवतात हे ज्ञान बियाण्याच्या मडक्यात नसते, ते मडके ठेवणाऱ्या बाईंजवळ असते. बी एकीकडे गेले आणि माहिती दुसरीकडे राहिली तर दोन्हींचा उपयोग निम्मा होतो. म्हणून प्रत्येक बियाण्याच्या मडक्याला किंवा डब्याला चिठ्ठी असावी. वाणाचे स्थानिक नाव, कोणाकडून आले, कोणत्या जमिनीत, किती दिवसांत येते, खाण्यास कसे, शेवटी कधी पेरले. कांद्याचे उळे एक वर्षानंतर उगवणीस भरवशाचे राहत नाही, नागलीचे बी पुष्कळ टिकते. त्याप्रमाणे दरवर्षी की दोन-तीन वर्षांनी पेरून ताजे करावयाचे तेही चिठ्ठीवर लिहावे. कांद्याच्या दोन वाणांचे बी धरावयाचे असल्यास त्यांत निदान १ किलोमीटर अंतर ठेवावे, नाहीतर मधमाश्या आपली सर्व निवड एका हंगामात मोडून टाकतील.

लिहावे सर्व, करावे तपासून

जुने ते सर्व चांगले असे आमचे म्हणणे नाही. उदाहरणार्थ राब. भात-नागलीचे रोप टाकण्यापूर्वी शेण, पालापाचोळा, गवत व फांद्या पसरून जमीन भाजण्याची ही रीत. तणांचे बी जळते व राख मिळते हा तिचा फायदा शेतकऱ्यांनी अचूक ओळखला होता. परंतु त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि खतात जाणारे शेण जळून जाते. गादीवाफ्यावर रोप करून, वेळेवर खुरपणी केल्यास राब न भाजताही चांगले रोप मिळते. तेव्हा राबाची नोंद अवश्य घ्यावी, कोणत्या झाडाचा पाला का पसंत करीत हेही लिहावे, आणि शेतात गादीवाफा करावा. यात विसंगती काही नाही.

गुरांच्या औषधांबाबत अधिक सावध राहावे. वनस्पतीचे स्थानिक नाव लिहून भागत नाही, कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असते. पान, फूल, फळ यांचे छायाचित्र जोडावे. नुसत्या नोंदीवरून मात्रा ठरवून जनावरास पाजू नये, पशुवैद्यकास दाखवावे. ज्या रीतीबद्दल शंका असेल ती गुंठाभर जागेत, शेजारी नेहमीची पद्धत ठेवून, दोन हंगाम करून पाहावी आणि आलेला आकडा, अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याच पानावर लिहावा.

वही कोठे ठेवावी

एकच प्रत कधीही ठेवू नये. एक घरी, एक शाळेत किंवा वाचनालयात, एक ग्रामपंचायतीत द्यावी. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. काही ठिकाणी ही नोंदवही बाहेरच्या माणसाने चार दिवसांत भरून दिलेली आढळते. आपल्या गावची नोंदवही मागून पाहावी. तीत आपल्या शिवारातील भाताची, कडधान्याची, गुरांची नावे नसतील तर ग्रामसभेत सांगून ती घालून घ्यावीत.

आपण किंवा आपल्या गावाने जपलेला वाण खरोखर निराळा असेल तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याचा वाण म्हणून त्याची नोंदणी करता येते. शेतकऱ्यांच्या वाणास नोंदणी शुल्क नाही. अर्जात वाणाची वैशिष्ट्ये व इतिहास विचारला जातो आणि तेथे हीच वही कामी येते. घरचे बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क या कायद्याने मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र छापील नाममुद्रेने विकता येत नाही. अर्जासाठी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी किंवा विद्यापीठाच्या संशोधन केंद्राशी संपर्क साधावा.

कामाची सुरुवात रब्बीची पेरणी उरकल्यावर करावी. दिवस लहान, संध्याकाळी माणसे घरी असतात. कांद्याचे मातृकांदे त्याच सुमारास लावले जातात, त्यामुळे निवड प्रत्यक्ष पाहता येते. पाट व बंधारे पाहण्यास एप्रिल-मे बरा, नदीचे पात्र कोरडे असते आणि एरवी पाण्याखाली असलेली दारे उघडी दिसतात. डांगीची नोंद भरपावसात, चिखलणी चालू असतानाच घ्यावी. छत्री आणि शिसपेन्सिल न्यावी. शाईचे अक्षर त्या पावसात टिकत नाही.